जनुक कसं घातलं हे विचारता, मग प्रती किती लावणार हेही विचारा

वृक्षांच्या जैवसुरक्षेचे निर्णय घेणाऱ्या नियामक मंडळांच्या सदस्यांना,

सविनय नमस्कार.

2014 या एकाच वर्षात पाइनच्या झाडांबद्दल दोन देशांत दोन निर्णय झाले. ते शेजारी ठेवून वाचले की आपल्या कामातली गोची लगेच दिसते. मे महिन्यात न्यूझीलंडच्या उच्च न्यायालयानं ठरवलं की झिंक फिंगर न्यूक्लिएजसारख्या (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या विकरांच्या) पद्धतींनी जनुक-संपादन केलेली झाडं कायद्याच्या लेखी जनुकीय बदल केलेली झाडंच आहेत. तिथल्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं आधी याच्या उलट मत दिलं होतं, ते रद्द झालं. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं आर्बरजेन या कंपनीला कळवलं की लाकूड अधिक घन व्हावं म्हणून जनुकं घातलेला त्यांचा लॉबलॉली पाइन खात्याच्या नियमांखाली येत नाही. कारण ती जनुकं जीन गननं, म्हणजे सूक्ष्म कणांवर लावून पेशींत मारणाऱ्या यंत्रानं, घातली होती, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या रोगकारक जिवाणूच्या मार्फत नाही. आणि घातलेल्या तुकड्यांत वनस्पतींना रोग करणाऱ्या कोणत्याही सजीवाचा अंश नव्हता.

म्हणजे ज्या झाडात परकं जनुक मागे राहू नये अशी पद्धत वापरायची होती ते अडकलं, आणि ज्यात जनुकं मुद्दाम कायमची बसवली होती ते सुटलं.

कायदा दोन्हीकडे नीटच वाचला गेला. पण कायद्यानं जो प्रश्न विचारायला सांगितला होता तोच अपुरा होता. अमेरिकेनं 2020 मध्ये नियम बदलून झाड कसं बनवलं यापेक्षा त्यात कोणता गुण आला याकडे लक्ष वळवलं खरं, पण डिसेंबर 2024 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयानं ते नियमच रद्द केले आणि कारभार पुन्हा जुन्या चौकटीत गेला. त्याच महिन्यात न्यूझीलंडच्या संसदेत जनुक-तंत्रज्ञानाचं नवं विधेयक मांडलं गेलं. एकूण काय, चौकटी पुन्हा आखल्या जात आहेत. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहितो आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पाइन, स्प्रूस यांसारख्या सूचिपर्णी झाडांच्या बाबतीत जनुक कोणत्या वाटेनं आत गेलं, ही बाब दुय्यम आहे. एका भ्रूणाच्या किती प्रती, किती जमिनीवर, किती वर्षं उभ्या राहणार, ही बाब पहिली आहे. आपल्या अर्जांत पहिल्या बाबीसाठी पानंच्या पानं असतात आणि दुसरीसाठी बहुतेक वेळा एक रकानाही नसतो.

हे नीट कळायला आधी प्रयोगशाळेत काय चालतं ते पाहावं लागेल. पाइन, स्प्रूस, लार्च यांच्यात एक मोठी अडचण असते. झाड चांगलं निघालं हे कळेपर्यंत ते म्हातारं झालेलं असतं, आणि म्हाताऱ्या झाडाच्या फांदीला मुळं फुटत नाहीत किंवा फार कुरकुरत फुटतात. पॉप्लरची काडी खोचली की झाड उभं राहतं, तसं इथं होत नाही. 1975 मध्ये लाँगलीफ पाइनच्या ऊतींपासून पूर्ण रोपं तयार झाली तेव्हा एक दार किलकिलं झालं. खरी वाट मोकळी झाली ती 1985 मध्ये, नॉर्वे स्प्रूसच्या कायिक भ्रूणजननानं, म्हणजे एका भ्रूणाच्या पेशींपासून अनेक भ्रूण वाढवण्याच्या पद्धतीनं. ती अशी.

हिरव्या, न पिकलेल्या शंकूतलं बी घ्यायचं, आतला भ्रूण काढायचा आणि ऑक्सिन व सायटोकायनिन ही वनस्पतींची संप्रेरकं असलेल्या माध्यमावर ठेवायचा. ऑक्सिन म्हणून बहुतेक वेळा 2,4-डी वापरतात. (हो, तेच तणनाशक, मात्रा बदलली की तेच रसायन जीव घ्यायच्या ऐवजी जीव वाढवायला लागतं.) काही आठवड्यांत भ्रूणाभोवती पांढरट, बुळबुळीत गोळा जमतो. त्या गोळ्यात शेकडो कोवळे भ्रूण असतात आणि ते दुभंगत दुभंगत वाढतच राहतात. मग संप्रेरक बदलून अ‍ॅब्सिसिक आम्ल द्यायचं, म्हणजे भ्रूण दुभंगायचे थांबतात आणि पिकतात. थोडे वाळवले, रुजवले, की रोप. उरलेला गोळा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर ठेवून द्यायचा. तिथं तो म्हातारा होत नाही. इकडे त्याच्या काही प्रती शेतात लावून वर्षानुवर्षं पारखायच्या, त्यात जी ओळ (म्हणजे एकाच भ्रूणापासून निघालेल्या प्रतींचा गट) सरस ठरेल तिचा गोठवलेला गोळा बाहेर काढायचा आणि लाखांनी रोपं करायची.

यात बाहेरून सहसा दिसत नाही अशी एक गोष्ट आहे. पूर्ण वाढलेल्या, पारखलेल्या झाडापासून असा गोळा मिळवणं आजही अतिशय कठीण आहे. म्हणून प्रत निघते ती नामांकित झाडाची नव्हे, त्याच्या एका अपत्याची. ते अपत्य कसं निघेल हे आधी कुणालाच माहीत नसतं, म्हणूनच तर ते गोठवून ठेवावं लागतं. पारख झाली की शेकडो ओळींतून मोजक्याच वर येतात आणि बाजार त्या मोजक्यांच्याच मागे लागतो. जंगलातली विविधता इथं आटते. जनुक-अभियंता तेव्हा अजून खोलीतही आलेला नसतो.

तो येतो तेव्हा याच गोळ्यात हात घालतो, कारण बदललेल्या एका पेशीपासून आख्खं झाड उभं करायला सूचिपर्णींमध्ये याहून भरवशाची दुसरी सोय नाही. पांढऱ्या स्प्रूसमध्ये 1993 मध्ये जीन गननं जनुक स्थिर बसवलं गेलं तेही असंच, आणि 1998 मध्ये रेडियाटा पाइनमध्ये बसलं तेही असंच. म्हणजे जनुकीय बदल केलेलं जवळपास प्रत्येक सूचिपर्णी झाड ऊतिसंवर्धनातून, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या याच वाटेनं, जातं, पण ऊतिसंवर्धनातून आलेल्या बहुतेक झाडांत कुणी जनुक घातलेलं नसतं. पूर्व कॅनडातले पांढरे स्प्रूस, न्यूझीलंडचे रेडियाटा, अमेरिकेच्या दक्षिणेतले लॉबलॉली यांच्या अशा प्रती केव्हाच व्यापारी लागवडीत गेल्या आहेत. त्यांच्यासाठी आपल्यापुढे अर्ज आला नाही, येण्याची गरजही नव्हती.

प्रत काढणं ही निव्वळ यांत्रिक क्रिया असती तर मी एवढा आग्रह धरला नसता. पण नॉर्वेतल्या संशोधकांना स्प्रूसमध्ये जे सापडलं त्यानंतर तसं म्हणता येत नाही. तिथं उत्तरेकडच्या झाडांची कलमं उबदार भागातल्या बीजोद्यानांत लावली होती. त्यांचं बी उत्तरेत नेऊन पेरल्यावर रोपं दक्षिणेकडच्या वाणासारखी वागू लागली, म्हणजे शरद ऋतूत कळ्या मिटायला उशीर करू लागली. आधी संशय परक्या परागावर गेला. मग हाच प्रश्न फ्लास्कमध्ये नेला गेला. एकाच गोळ्यातले, जनुकांनी तंतोतंत सारखे भ्रूण वेगवेगळ्या तापमानात वाढवले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की उबेत वाढलेल्या भ्रूणांची झाडं पुढं उशिरा कळ्या मिटतात. भ्रूण असताना भोगलेलं तापमान झाडाच्या आठवणीत राहतं आणि डीएनएचं एकही अक्षर त्यासाठी बदलावं लागत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ जरा चमत्कारिक आहे. इनक्युबेटरचं बटण 18 वर ठेवायचं की त्याहून बरंच वर, हा प्रयोगशाळेच्या सोयीचा प्रश्न नसून वनशास्त्रीय निर्णय आहे. उशिरा कळ्या मिटणारं झाड पहिल्या कडक थंडीत सापडतं. एखाद्या कंपनीनं गोळा लवकर वाढावा म्हणून तापमान चढवलं आणि लाखभर रोपं थंड प्रदेशात पाठवली, तर तो बदल आपल्या कोणत्याही अर्जात दिसणार नाही. जनुकाच्या एका तुकड्यासाठी आपण कागदांचा डोंगर मागता, आणि या तापमानाची नोंद ठेवा असं मात्र आपण कुणाला सांगत नाही.

उलट बाजूनं, जनुक-संपादन केलेल्या झाडात नको त्या जागी काही बदललं नाही हे सिद्ध करा, अशी मागणी सर्रास होते. मागणी वाजवी आहे, पण ती कशावर केली जाते आहे ते पाहा. नॉर्वे स्प्रूसचा जनुकसंच 2013 मध्ये वाचला गेला. तो जवळपास 20 अब्ज अक्षरांचा आहे, माणसाच्या सहा-सात पट, आणि त्यातला फार मोठा भाग पुन्हा पुन्हा येणारे तुकडे आहेत. गोळा दीर्घकाळ माध्यमावर वाढत राहिला की त्यात आपोआपच उत्परिवर्तनं साचत जातात, म्हणून तर तो लवकर गोठवतात. म्हणजे साध्या प्रतीत साचलेले बदल कुणी मोजायचे नाहीत आणि संपादित झाडात मात्र शून्य दाखवायचं. ही कसोटी मला पटत नाही. दोन्हीकडे मोजा किंवा दोन्हीकडे प्रमाण ठरवा.

पद्धतीवरून पारख करण्यातला विरोधाभास जपानच्या सुगीत सर्वांत स्पष्ट दिसतो. युद्धानंतर तिथं सुगीची, म्हणजे क्रिप्टोमेरियाची, अफाट लागवड झाली आणि आज तिच्या परागामुळं लोकसंख्येचा मोठा हिस्सा दर वसंतात शिंकत असतो. 1992 मध्ये तोयामा प्रांतात पराग न धरणारं झाड निसर्गातच सापडलं. त्यावरून परागविरहित रोपं तयार करण्याचं काम सुरू झालं. 2023 मध्ये क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या पद्धतीनं सुगीतलं एक जनुक निकामी करून तोच परिणाम साधल्याचं प्रसिद्ध झालं. दोन झाडं, दोन्हींत पराग नाही. एकाला फक्त रोपवाटिका लागते, दुसऱ्यामागे नियमांची फाइल लागते. आणि दोन्हींच्या प्रती मोजक्या ओळींतून काढून डोंगरच्या डोंगर भरले, तर पुढचा रोग त्या दोन्हींत भेद करणार नाही.

लॉबलॉली पाइनमध्येही असाच एक नैसर्गिक अपघात आहे. लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, बनवण्याच्या साखळीतलं एक विकर जवळजवळ नाहीसं झालेला उत्परिवर्ती प्रकार 1997 मध्ये वर्णन केला गेला. त्याचं लाकूड तपकिरी असतं. हेच प्रयोगशाळेत केलं असतं तर वर्षानुवर्षं सुनावण्या चालल्या असत्या. प्रयोगशाळेतले बदल सगळे निरुपद्रवी असतात असंही मी म्हणत नाही. रेडियाटा पाइनमध्ये लिग्निनच्या साखळीतलंच दुसरं एक जनुक फार दाबलं तेव्हा झाडं खुजी, बोन्साय असावीत तशी झाली. ते 2009 मध्ये छापून आलं. असं झाड रोपवाटिकेतच ओळखू येतं. काळजी असते ती तीस वर्षं छान दिसणाऱ्या झाडाची.

इथं वेळेचा मुद्दा येतो, आणि शेतपिकांचे नियम झाडांना लावण्याचा आळसही. बीटी पीक दरवर्षी नव्यानं पेरतात. बियाणं बदलता येतं. स्प्रूसच्या कळ्या खाणारी अळी, जिच्यासाठी कॅनडात बीटी पांढरा स्प्रूस तयार करून चाचणीला लावला गेला, तिची वर्षाला एक पिढी होते. पन्नास वर्षं उभ्या राहणाऱ्या झाडापुढे अळीच्या पन्नास पिढ्या येतात आणि झाडाकडे मात्र तेच एक विष असतं. यात जनुक जिवाणूकडून आलं की आणखी कुठून, याला काही महत्त्व नाही. शुगर पाइनमध्ये ब्लिस्टर रस्ट या बुरशीला रोखणारं सीआर1 हे जनुक पूर्णपणे नैसर्गिक आहे. त्याचा शोध 1970 मध्ये लागला आणि त्याच दशकात कॅलिफोर्नियात त्याला चकवणारी बुरशीची जात सापडली. एका जनुकावर विसंबलं की असं होतं. नैसर्गिक असल्याचं प्रशस्तिपत्र बुरशी वाचत नाही.

परागाचं तर पूर्ण गणितच वेगळं आहे. पाइनच्या परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात. लॉबलॉलीचे परागकण किनाऱ्यापासून 41 किलोमीटर दूर समुद्रावरच्या हवेत गोळा केले, तरी त्यातले काही रुजले. हे 2010 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. तेव्हा पिकांसाठी आखलेलं काही मीटरचं विलगीकरण इथं कागदावरच राहतं. दुसरी सवय त्याहून घातक आहे. जनुक हरितलवकात बसवलं तर ते परागातून बाहेर पडत नाही, कारण बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक आईकडून येतो. ही युक्ती पिकांत ठीक चालते. पाइन आणि स्प्रूसमध्ये हरितलवक बापाकडून, म्हणजे थेट परागातून येतो. पिकांचा तक्ता डोळे मिटून वापरणारा नियामक इथं सुरक्षिततेच्या नावाखाली जनुक वाऱ्यावर सोडण्याचा रस्ताच मंजूर करील.

आणि याची प्रत्यक्ष माहिती मिळवण्याची संधी आपण स्वतःच बंद करून ठेवली आहे. चाचणीतली झाडं शंकू धरण्याआधी तोडा, किंवा शंकू दिसताच काढून टाका, ही अट बहुतेक ठिकाणी ठरलेली आहे. सावधगिरी म्हणून ती समजते. पण मग ज्या वयाची भीती वाटते त्या वयाचं एकही निरीक्षण हाती येत नाही, आणि माहिती नाही म्हणून परवानगी नाही हे चक्र चालूच राहतं. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआच्या चाचणीतली पाइनची झाडं 2008 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये अज्ञात लोकांनी घुसून नष्ट केली. त्यांना वाटलं असेल आपण जंगल वाचवलं. माझ्या मते त्यांनी पुरावा नष्ट केला, मग तो कोणाच्याही बाजूचा असो.

जिथं संकर होऊ शकेल असा एकही रानटी नातलग आसपास नाही अशा जागा निवडून काही थोड्या झाडांना शंकू धरू द्या. पाइनच्या शंकूला परागण ते पक्व बी यासाठी साधारण दोन वर्षं लागतात; तेवढा काळ जाळी बांधून, मोजदाद ठेवून ते पाहणं शक्य आहे. वांझ झाडांची तर अशी पारख व्हायलाच हवी. न्यूझीलंडच्या गवताळ डोंगरांवर लॉजपोल पाइन आणि डग्लस फर वाऱ्यानं बी पसरवत घुसत चालले आहेत, आणि बी न धरणारा डग्लस फर करण्यावर तिथं काम झालं आहे. जनुक-अभियांत्रिकीचा याहून सार्वजनिक हिताचा उपयोग मला सुचत नाही. पण झाड खरंच आयुष्यभर वांझ राहतं का, हे ते वयात येऊ दिल्याशिवाय कसं कळणार?

वनप्रमाणन करणाऱ्या फॉरेस्ट स्ट्यूअर्डशिप कौन्सिलनंही जीएम, म्हणजे जनुकबदलित, झाडांवरची बंदी कायम ठेवली आहे आणि याबाबत चालू केलेली अभ्यास-प्रक्रिया 2023 मध्ये थांबवली. त्यांच्या शिक्क्याच्या लागवडीत प्रती मात्र चालतात. हा त्यांचा निर्णय आहे, पण त्यात आपल्याच अर्जांचं प्रतिबिंब आहे.

आता अपेक्षित आक्षेप. आपण म्हणाल, साध्या प्रती हा जैवसुरक्षेचा विषयच नाही, तो वनखात्याचा. मान्य. पण जनुक घातलेलं झाड आपल्याकडे येतं तेव्हा ते प्रतीच्याच रूपात येतं, आणि त्या अर्जात तरी हे विचारण्यापासून आपल्याला कुणी अडवलेलं नाही: हे जनुक किती वेगवेगळ्या ओळींत बसवलं आहे, त्या ओळी किती निरनिराळ्या आईबापांच्या आहेत, एका सलग पट्ट्यात एका ओळीचा वाटा कमाल किती, भ्रूण कोणत्या तापमानात पिकवले, गोळा गोठवण्याआधी किती काळ वाढत होता, आणि रोपवाटिकेतून निघालेलं प्रत्येक खोकं कोणत्या ओळीचं हे वीस वर्षांनीही सांगता येईल का. शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नका. अमेरिकन चेस्टनटच्या जनुकबदलित झाडांबाबत 2023 मध्ये उघड झालं की वर्षानुवर्षं डार्लिंग 58 म्हणून ज्यांच्यावर चाचण्या चालल्या ती झाडं प्रत्यक्षात डार्लिंग 54 या वेगळ्याच ओळीची होती. चेस्टनट सूचिपर्णी नाही, पण लेबल सगळ्या झाडांना सारखंच चिकटतं आणि सारखंच सुटतं.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मला वाटतं उलट घडेल. आज पद्धतीवर आधारलेल्या छाननीचा बोजा सरकारी आणि विद्यापीठीय संस्थांना सर्वांत जास्त झेपत नाही, आणि ज्यांच्याकडे वकील आहेत ते कायदा वाचून पद्धत निवडतात. ओळींची संख्या, क्षेत्र आणि नोंदवही यांची माहिती प्रत्येक प्रयोगशाळेकडे तयारच असते. ती द्यायला नवं यंत्र लागत नाही.

किती ओळी पुरेशा, यावर वाद होईल, व्हायलाच हवा. वनजनुकशास्त्रज्ञ विल्यम लिबी यांनी 1982 मध्येच हा प्रश्न नेमका मांडून सात ते तीस ओळींचा पल्ला सुचवला होता. माझा कल त्यातल्या वरच्या टोकाकडे आहे, आणि एकाच संरक्षक जनुकावर विसंबलेल्या झाडांसाठी तर त्याच्याही वर. स्वीडननं एका मालकीच्या जंगलात शाकीय पद्धतीनं, म्हणजे बी न पेरता प्रती काढून, वाढवलेल्या झाडांच्या क्षेत्रावर 5 टक्क्यांची मर्यादा घातली, तीसुद्धा जनुक घातलं आहे की नाही हे न विचारता. म्हणजे नमुना तयार आहे. फक्त तो वनखात्याच्या कपाटात आहे. पुढच्या मसुद्याच्या बैठकीला तो मागवून घ्यावा, आणि अर्जाच्या पहिल्या पानावर जिथं आज ‘जनुक घालण्याची पद्धत’ हा रकाना आहे, तिथं ओळींची संख्या आणि क्षेत्र हे दोन रकाने आधी यावेत, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
ऊतिसंवर्धनाच्या कामातला एक माणूस